रविवारचे तीन तास आणि आठवड्याचं जेवण: फ्रीज नसलेल्या खोलीत कसं जमवता?

नवीपेठेतला | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आज रविवार, म्हणजे संध्याकाळची मेस बंद. दोन वडापाव खाऊन हा धागा काढतोय.

आम्ही तिघं नवी पेठेत एका खोलीत राहतो. दोघं राज्यसेवेचा अभ्यास करतोय, तिसरा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी आठ ते रात्री दहा अभ्यासिका. मेसचे महिन्याला ३२०० जातात, शिवाय नाश्ता, चहा आणि रविवारची रात्र वेगळी. पण खरा त्रास पैशांचा नाही, पोटाचा आहे. रोज तीच तेलाचा तवंग आलेली बटाट्याची भाजी खाऊन पित्त वाढलंय आणि दुपारी जेवलं की तासभर डोळे उघडत नाहीत.

गेल्या महिन्यात घरून येताना आईने तीन लिटरचा कुकर बरोबर दिला. मित्राकडून जुनी इंडक्शन शेगडी मिळाली. मालकांची परवानगी आहे. फ्रीज नाही आणि घेणं परवडणारही नाही. आठवड्याच्या तयारीचे जे व्हिडिओ पाहिले त्या सगळ्यांत माणसं रविवारी भाज्या शिजवतात आणि फ्रीजमध्ये डब्यांची उतरंड लावतात. ते आमच्या कामाचं नाही.

तर प्रश्न असा: रविवारी तीन तास हातात आहेत. फ्रीजशिवाय असं काय करून ठेवता येईल की मग रोज वीस मिनिटांत तिघांचं जेवण होईल? माणशी आठवड्याला ६०० रुपयांच्या आत बसलं पाहिजे. अंडी चालतात.

---

कोरडी_चटणी | रविवार, रात्री १०:०५

अरे, फ्रीज नाही हे विसरून जा. आपल्या आज्यांकडे तरी कुठे होता? पाणी लागलेलं काहीही रविवारी करून ठेवायचं नाही, कोरडं ते सगळं करून ठेवायचं. एवढं पाळलंस की निम्मं काम झालं.

मी एम.एस्सी.ला असताना रविवारी करायचे ते सांगते. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ कोरडीच मंद आचेवर भाजायची, डाळीचा खमंग वास येईपर्यंत. गार झाली की हळद, हिंग, जिरं, तिखट, मीठ, थोडा गोडा मसाला मिसळायचा आणि एकेका जेवणाच्या मापाने डब्यांत भरायचं. संध्याकाळी आल्यावर कुकरमध्ये तेलावर एक चिरलेला कांदा, टोमॅटो परतायचा, डबी उपडी करायची, साडेतीनपट पाणी, तीन शिट्ट्या. शिट्ट्या होईपर्यंत आंघोळ होते.

दुसरं, उपम्याचा रवा. तेलात मोहरी, उडीदडाळ, सुक्या मिरच्या, कढीपत्ता अगदी कुरकुरीत होऊ द्यायचा, त्यातच रवा भाजायचा, मीठ घालायचं. गार करून बरणीत. पंधरा-वीस दिवस काही होत नाही, फक्त ओला चमचा घालायचा नाही. कढीपत्ता मऊ राहिला तर मात्र रव्याला वास येतो, तेव्हा तिथे घाई करू नकोस.

तिसरं, शेंगदाण्याचं कूट आणि लसणाची सुकं खोबरं घालून केलेली चटणी.

---

किटलीवाली | रविवार, रात्री १०:१८

वाचनखूण साठवली. आमच्या पीजीत शेगडीला परवानगी नाही, फक्त विजेची किटली चालते. माझ्यासारखीसाठी कुणी काही सुचवेल का?

---

१६_अँपिअर | रविवार, रात्री १०:३१

जेवणाचं इतर सांगतील, मी प्लगचं सांगतो, कारण पेठांमधल्या जुन्या वाड्यांत वायरिंगची कामं केली आहेत. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढते. भिंतीवरचा लहान पिनेचा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे फार तर १३८० वॅट. शेगडी मोठ्या पिनेच्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. मोबाईल चार्जिंगच्या एक्स्टेंशन बोर्डवर तर कधीच नको, मी तसे बोर्ड वितळलेले पाहिले आहेत. मोठा सॉकेट नसेल तर ७०० वॅटचा विजेचा राईस कुकर घ्या. तो तीन अँपिअरवर चालतो, खिचडी, वरण, अंडी सगळं त्यात होतं.

---

नवीपेठेतला | रविवार, रात्री १०:४४

@१६_अँपिअर दादा, आत्ता उठून पाहिलं. आम्ही एक्स्टेंशनलाच लावली होती. मोठा सॉकेट बाथरूमच्या दाराशेजारी आहे, उद्यापासून शेगडी तिकडे.

@कोरडी_चटणी ताई, खिचडीच्या डब्या नक्की. पण भात एकदाच सकाळी तिघांचा दोन्ही वेळचा लावला तर चालेल का?

---

सूक्ष्मजीवी | सोमवार, सकाळी ७:१०

नको. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून इथे जरा ठासून सांगते. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवताना मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष उष्णतेला दाद देत नाही, म्हणजे नंतर कितीही कडक फोडणी दिली तरी ते राहतं. सकाळी आठचा भात रात्री दहाला, तोही एप्रिल-मेच्या पुण्यात, ही जोखीम आहे. फ्रीज असेल तर तासाभरात पसरट भांड्यात गार करून आत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. नसेल तर लागेल तेवढाच लावा.

---

परभणीकर | सोमवार, सकाळी ८:०२

ताई, माफ करा, पण आमच्याकडे रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकतात. आजोबा ९१ वर्षांचे होऊन गेले, जन्मभर हेच खाल्लं. शिळं म्हणजे विष असं मुलांच्या मनात भरवलं तर अन्न वाया जाईल.

---

सूक्ष्मजीवी | सोमवार, सकाळी ९:२५

@परभणीकर दादा, फोडणीचा भात मलाही जिवापाड आवडतो आणि अन्न वाया जाऊ नये हे तुमच्याइतकंच मलाही वाटतं. आपल्या घरी रात्री नऊचा भात गार जागी, उघड्या पातेल्यात राहायचा आणि सकाळी सातला संपायचा. इथे मुलं पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीच्या खोलीत, बंद डब्यात, भर दुपारभर ठेवायचं म्हणत आहेत. परीक्षेच्या आठवड्यात पोट बिघडलेली मुलं मी वर्गात पाहते, म्हणून लिहिलं.

---

परभणीकर | सोमवार, सकाळी ९:४०

हे पटलं. रात्रीचा सकाळी, सकाळचा रात्री नाही.

---

मालवणचो_झील | सोमवार, सकाळी ११:१५

कुळथाची पिठी कुणी कशी सांगितली नाही अजून! गावाहून कुळथाचं पीठ आणायचं, महिनाभर राहतं. तेलात लसूण ठेचून लाल करायची, हिरवी मिरची, दोन ग्लास पाणी, दोन आमसुलं, मीठ. पाण्यात कालवलेलं चार चमचे पीठ ओतायचं, ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांत पिठी तयार, गरम भातावर ओता. मी मुंबईत शिकताना आठवड्यातून तीन रात्री हेच जेवलो आणि कधी कंटाळा आला नाही.

@किटलीवाली, तुझ्यासाठी दडपे पोहे. पातळ पोहे, बारीक कांदा, ओलं खोबरं, लिंबू, मीठ, किंचित साखर, थोडं नारळाचं पाणी. दडपून अर्धा तास ठेव. शेगडी लागतच नाही. फोडणी वरून घातली तर छान, नाही घातली तर भाजलेले दाणे आणि हिरवी मिरची चुरडून घाल. नारळ मात्र फोडल्या दिवशीच संपव.

---

कोरडी_चटणी | सोमवार, दुपारी १:३०

@किटलीवाली, आणि तो रवा. तो आधीच भाजलेला असतो. कुणाच्या तरी घरी बरणी करून आण. वाटीभर रव्याला सव्वादोन वाट्या उकळतं पाणी, जाड झाकणाच्या डब्यात दहा मिनिटं बंद. त्यावर कूट आणि लिंबू.

---

रात्री_दोनपर्यंत | सोमवार, दुपारी २:५०

वेगळं मत मांडतो. मी तीन वर्षं मेसवर काढली आणि मला ती बरी वाटते. बाजार, चिरणं, भांडी, उद्या काय करायचं हा विचार, याला लागणारा वेळ कुणी मोजत नाही. तिघांपैकी एक जण आठवड्याभरात कंटाळतो, मग भांड्यांवरून भांडणं होतात. मुख्य परीक्षेला तीन महिने राहिले असतील तर हा प्रयोग आत्ता करू नका. त्यापेक्षा मेस बदला. चांगल्या काकू मिळतात, दोन गल्ल्या जास्त चालावं लागतं इतकंच.

---

नवीपेठेतला | सोमवार, रात्री १०:३५

@रात्री_दोनपर्यंत दादा, वेळेचा मुद्दा मनावर घेतला आणि आज मोजलं. अभ्यासिकेतून मेसला जाणं, रांग, जेवण, येणं: दुपारी ५० मिनिटं, रात्री ५५. त्यामुळे वेळेत आम्ही फार हरणार नाही. भांड्यांचा मुद्दा खरा आहे. आजच तिघांनी ठरवलं, जो शिजवतो तो भांडी घासत नाही आणि कुकर रात्री भिजत ठेवायचा नाही, लगेच घासायचा.

---

मटकी_मोड | सोमवार, रात्री ११:१२

कडधान्याचं चक्र लावा. मटकी, मूग, चवळी, हरभरे. दर रात्री एक वाटी भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची. कुठल्याही दिवशी एक भिजत, एक मोडात, एक ताटात. उन्हाळ्यात मटकीला बारा-चौदा तासांत मोड येतात, डिसेंबरात एक दिवस जास्त लागतो आणि चादरीत गुंडाळावं लागतं. फडकं रोज धुवा, नाहीतर चिकटपणा येऊन वास मारतो. मटकी-मुगाची उसळ शिजवायला कुकरला दोन शिट्ट्या पुरतात. वर लिंबू पिळायचंच, त्याने कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. मुलींनी तर विसरू नये.

---

सोलापुरी_शेंगा | मंगळवार, सकाळी ८:२०

पोळ्यांचं काय करणार? कणीक मळण्यात वीस मिनिटं तिथेच जातील. आमच्या सोलापूरची कडक भाकरी मागवा. ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी वाळवलेली, हवाबंद पिशवीत तीन-चार आठवडे राहते. कुस्करून वरणात, उसळीच्या रश्श्यात किंवा दह्यात भिजवायची, वर शेंगाचटणी आणि कच्चं तेल. उन्हातून आल्यावर दही-भाकरी खाऊन बघा, डोळे मिटणार नाहीत.

अवांतर: शेंगाचटणी मिक्सरमध्ये फिरवू नका. उखळात कुटली तरच दाण्याचं तेल सुटतं. खोलीत उखळ नसतं हे मान्य, पण घरून आणता येते.

---

सातारकर | मंगळवार, सकाळी ९:००

चटणीत लसूण किती हे ठरलं की सोलापूर-साताऱ्याचं भांडण मिटेल. आमच्याकडे जास्त. :)

---

आखेनची_थंडी | मंगळवार, दुपारी ३:४०

जर्मनीत आखेनला शिकतोय, मूळचा नाशिकचा. आमच्याकडे उलटी गोष्ट आहे: फ्रीजर आहे, वेळ आणि खमंग वास यांची टंचाई. दुपारी विद्यापीठाच्या मेन्झात स्वस्त जेवण मिळतं, रात्रीचं स्वतःचं. रविवारी मसूरडाळ, छोले आणि राजमा असं तीन प्रकारचं मोठं पातेलं करतो, डब्यांत भरून चिकटपट्टीवर तारीख लिहून गोठवतो. इथे सोललेली मसूरडाळ कुठल्याही दुकानात ‘रोटे लिन्झन’ म्हणून मिळते, कुकर न लावता पंधरा मिनिटांत शिजते. गोठवलेला पालक ताज्यापेक्षा स्वस्त पडतो, तोच डाळीत टाकतो.

नव्याने येणाऱ्या मुलांना एक सांगणं. वसतिगृहाच्या खोलीत धुराचा इशारा देणारं यंत्र असतं. जिरं-मिरचीची फोडणी खिडकी उघडून, मंद आचेवर करा. माझ्या मजल्यावर पहिल्याच आठवड्यात एकाच्या फोडणीने भोंगा वाजला आणि सगळे जिन्याने खाली उतरले.

---

जुना_वसतिगृही | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

हा धागा वाचून वडिलांची आठवण आली. ते १९५३ मध्ये कराडजवळच्या खेड्यातून पुण्यात शिकायला आले. पहिलं वर्ष त्यांनी वार लावून काढलं. नव्या पोरांना माहीत नसेल: सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरं ठरलेली असायची. एखाद्या घरी सुतक आलं की त्या दिवशी उपास. पुढे मामांनी त्यांना इकमिक कुकर घेऊन दिला आणि ते सांगायचे की त्या दिवशी मी मोठा झालो. डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये कलकत्त्यात तयार केलेला हा कुकर. खाली कोळशाची लहान शेगडी, वर एकावर एक डबे, बाहेरून उंच नळकांडं. सकाळी तांदूळ, डाळ, भाजी लावून कॉलेजला जायचं, परत येईपर्यंत सगळं मंद वाफेवर शिजलेलं. तो कुकर अजून माझ्याकडे आहे.

तुमच्या कुकरलाही तीच युक्ती लागू पडते. खिचडीला किंवा मूगडाळीला एक कडक शिट्टी झाली की शेगडी बंद करा, कुकर जुन्या गोधडीत नीट गुंडाळून ठेवा. पाऊण तासाने उघडा, शिजलेली असते. मी अजूनही असंच करतो. राजमा मात्र असा करू नका, तो खळाखळा उकळून पूर्ण शिजलाच पाहिजे, अर्धकच्चा राहिला तर पोटाला बाधतो.

---

सातारकर | मंगळवार, रात्री ८:४०

@जुना_वसतिगृही काका, मी रयतच्या वसतिगृहात वाढलो. तिथे धान्य निवडायला आणि पीठ मळायला मुलांच्या पाळ्या असायच्या. कर्मवीरांच्या वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. ते ऐकत वाढल्यावर ताटात टाकायची हिंमतच होत नसे. आता पुण्यात दोन रूममेटना भाकरी थापायला मीच शिकवलं.

---

मंडई_बंद_व्हायच्या_वेळी | बुधवार, सकाळी १०:०५

बाजाराचं कुणी बोललं नाही. महात्मा फुले मंडईत रात्री साडेआठनंतर जा. सकाळी पेंडी सुटी विकणारे तेव्हा वाटे लावतात आणि उरलेला माल उतरवतात. पण पालेभाजी तेव्हा घेतली तर त्याच रात्री शिजवायची. कांदे, बटाटे, लाल भोपळा, कोबी, गाजर, बीट हे बिनफ्रीजचे मित्र. कोबी अख्खा ठेवा आणि वरची पानं सोडवत वापरा, सुरी लावलीत की काळा पडतो. टोमॅटो निम्मे कच्चे घ्या. अंडी पंख्याखाली, सावलीत, आठवडाभर राहतात. उकडलेली मात्र त्याच दिवशी संपवा. शंका आली तर पाण्यात सोडा, वर तरंगलं की फेकून द्या.

---

अंडाकरी_रोज | बुधवार, दुपारी १२:४५

सोयाच्या वड्या राहिल्या. कोरड्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिनं, महिनोन्‌महिने टिकतात, सुट्या घेतल्या तर डाळीपेक्षा महाग नाहीत. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, मग दोनदा पिळून काढा. तो पिळण्याचा भाग टाळला तर कच्चट वास राहतो आणि मग लोक वड्यांना नावं ठेवतात.

---

नवीपेठेतला | रविवार, रात्री ८:५० (तीन आठवड्यांनंतर)

मंडळी, हिशोब द्यायला आलोय.

पहिला आठवडा फसला. उत्साहात रविवारी कांदा-टोमॅटोचं वाटण परतून तीन दिवसांचं ठेवलं, मंगळवारी सकाळी झाकण उघडलं तर आंबलेलं. कोरडी_चटणी ताईंनी पहिल्याच ओळीत सांगितलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून रविवारी फक्त कोरडं: चौदा मापं खिचडी, बरणीभर उपम्याचा रवा, कूट, चटणी, तिखट-मीठ-हिंग घालून भाजलेलं बेसन पिठल्यासाठी. दीड तासच लागतो. उरलेला दीड तास झोपतो.

खिचडीची डबी उघडली की घराचा वास येतो, हे लिहिलंच पाहिजे. अभियांत्रिकीवाला गुरुवारी रात्री दहाला थकून आला, ताट पुढे केलं तर काही न बोलता दोनदा वाढून घेतलं.

तिघांचा या आठवड्याचा खर्च: तांदूळ, डाळी, कडधान्य, पोहे, रवा, दाणे मिळून ६५६, अंडी एक ट्रे २००, वड्या ६५, तेल १४०, भाजी आणि लिंबं ३३०, दही ११०, पोळीभाजी केंद्रातून ३६ पोळ्या २८८. एकूण १७८९, माणशी ५९६. तेल आणि वड्या पुढच्या आठवड्यालाही पुरतील. मेसपेक्षा फार स्वस्त पडलं असं नाही, पण नाश्ता यातच आला आणि पित्ताची गोळी पंधरा दिवसांत घेतलेली नाही. @रात्री_दोनपर्यंत दादा, भांड्यांवरून एकदा वाजलं, मिटलं.

एक अडलंय. पालेभाजी आठवड्यात एकदाच होते, मंडईत गेलो त्या रात्री. फ्रीजशिवाय ती दोन-तीन दिवस टिकवायची काही युक्ती?

---

किटलीवाली | रविवार, रात्री ९:०५

मावशीकडून रव्याची बरणी आणली. या आठवड्यात चार सकाळी उपमा खाऊन कॉलेजला गेले. मजल्यावरच्या दोघी आता वाटी घेऊन दाराशी येतात, पुढची बरणी दुप्पट करायची आहे.

---

मंडई_बंद_व्हायच्या_वेळी | रविवार, रात्री ९:३०

@नवीपेठेतला, मेथी-पालक नको, ते सुकतात. शेपू आणि चुका बघ. जुडी सोडू नको, निवडू नको, धुवू नको. मुळांसकट घे, मुळं पेलाभर पाण्यात उभी ठेव आणि वर ओलं सुती फडकं टाक. फडकं रोज सकाळी बदल. शेपू दोन दिवस सहज राहतो. तिसऱ्या दिवशी पिवळी पानं काढून उरलेला मूगडाळीत टाक, तुझी एक डबी तशीही तयार असते.

---

नवीपेठेतला | रविवार, रात्री ९:४१

मंडई अजून उघडी असेल. निघालो.